गजभियेंची तिसरी लाईन

गजभिये दोन घड्याळं वापरतात. एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. दोन्हींत मिनिटाचा फरक पडला की ते दिवसभर अस्वस्थ असतात, कारण मग खरं कोणतं ते कळत नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, तिसरं घ्या. बहुमताने ठरेल." मी टोमणा मारला होता. पुढच्या सोमवारी त्यांच्या केबिनच्या भिंतीवर तिसरं घड्याळ टांगलेलं होतं. पुण्यातला टोमणा भंडाऱ्याच्या माणसापर्यंत पोहोचेतो त्याची सूचना होते, हे मला त्या दिवशी समजलं.

आमच्या बिबवेवाडीच्या कॉलेजात संगणकांची प्रयोगशाळा गजभिये सांभाळतात. मी अर्थशास्त्र शिकवते आणि माझ्या पत्रिकेतच असावं म्हणून ऑनलाइन परीक्षांची केंद्रप्रमुखही आहे. म्हणजे नेट बंद पडलं तर उत्तर मी द्यायचं, आणि नेट म्हणजे काय ते फक्त गजभियेंना माहीत. सहा वर्षं माझा रक्तदाब या माणसाच्या हातात आहे.

घड्याळांसारखंच बाकी सगळं. खिशात दोन पेनं, दोन रुमाल. चष्मे दोन, एक नाकावर आणि एक डबीत. हडपसरहून कॉलेजला येताना एक दिवस लुल्लानगरवरून येणार, दुसऱ्या दिवशी स्वारगेटवरून. का, तर एकाच रस्त्याची सवय लागली आणि तो रस्ता खोदला तर काय करायचं? पुण्यात राहणाऱ्याला या भीतीवर हसता येत नाही. जेवणाचे डबेही दोन. खाणावळीतून दोन डबे भरून आणायचे, एक दुपारी खायचा आणि दुसरा तसाच घरी न्यायचा. कारण विचारलं की एकच उत्तर मिळायचं.

"मॅडम, एकाले दुसरा पाहिजेच."

लग्न मात्र त्यांनी एकही केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये हा विनोद वर्षातून तीन-चारदा व्हायचा, आणि खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा तो मीच केला होता.

आता त्यांच्या राउटरांविषयी. कॉलेजात बाहेरून इंटरनेटच्या तीन लाईनी येतात, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. प्रत्येकीचा एक राउटर, तिन्ही गजभियेंच्या काचेच्या केबिनमध्ये फळीवर ओळीने बसलेले. पहिल्या दोघांवर चिठ्ठ्या होत्या, 'एक' आणि 'दोन'. साठ संगणकांचं ओझं त्या दोघांवर निम्मं निम्मं. तिसऱ्या राउटरवर मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'शीतल'. आणि शीतल रिकामी. तिच्यावर एकही संगणक जोडलेला नाही, तिचे दिवे नुसते मिचमिचत राहायचे.

या शीतलवरून गजभियेंना किती छळलं असेल आम्ही! आमचे शिपाई हिरवे रोज सकाळी गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "सर, शीतलवहिनी बऱ्या आहेत ना?" गजभिये तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "हो, सकाळीच पाहिलं." तरुणपणातलं एखादं फसलेलं प्रकरण असावं असा माझा अंदाज होता, आणि माझे अंदाज सहसा चुकत नाहीत असा माझा गैरसमज होता.

एकदा मी म्हटलं, लाईन नुसती बसून आहे तर ऑफिसला द्या, तिथे सगळे तासन्तास गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतात. गजभिये कधी नाही म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हणाले. "ते रिकामीच ठेवावी लागते, मॅडम." आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी प्राचार्यांकडे लेखी पत्र दिलं, 'वापरात नसलेली लाईन कार्यालयाकडे वर्ग करावी'. आपल्याकडे असं पत्र टेबलावर पडून राहतं, म्हणून वाचलो. ते पुढे कळेलच.

यंदा आमच्या केंद्रावर मोठी प्रवेश परीक्षा आली. साठ मुलं, एकच दिवस, पुन्हा संधी नाही. पंधरा दिवस आधी सराव चाचणी घेतली तेव्हा सम आसनांवरच्या मुलांनी कुरकुर केली की आमचं पान उशिरा उघडतं. मी गजभियेंना म्हटलं, एकाला एक लाईन आणि दुसऱ्याला दुसरी हा कसला न्याय? पंगतीत वाढतो तसं करा, प्रत्येकाला दोन्हीकडून थोडं थोडं. अर्थशास्त्राची बाई, समान वाटप म्हटलं की मला चेव येतो.

"वाढता येते मॅडम, पण..."

तो 'पण' मी पुरा होऊ दिला नाही. त्यांनी मान हलवली आणि वाटप बदललं. दहा मिनिटांत साठच्या साठ मुलं परीक्षेतून बाहेर फेकली गेली. प्रत्येक पडद्यावर एकच ओळ, 'पुन्हा लॉगइन करा'. केलं, की परत बाहेर.

मग त्यांनी मला माझ्याच पंगतीच्या भाषेत समजावलं. लांबच्या परीक्षेच्या यंत्राला पोरगं दिसत नाही, कोणत्या दारातून आलं ते दिसतं. पहिलं उत्तर एका दारातून आलं आणि दुसरं दुसऱ्यातून, तर त्याला वाटतं हा कोणी तोतया आहे. "म्हणून जे पोरगं ज्या पंगतीत बसलं, त्याच पंगतीत त्याचं जेवण होऊ द्यायचं. मधात उठवायचं नाही." मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "सांगून राहिलो होतो." त्यांनी पुन्हा पहिल्यासारखं केलं. विषम आसनं एकवर, सम आसनं दोनवर. सावकाश वाढणारी पंगत, पण कुणी उठत नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी गजभिये सातलाच आले होते. लहान मुलाचा ताप बघावा तसा उलटा हात तिन्ही राउटरांना लावत होते. दोन्ही डबे कोपऱ्यात, झाकणंही न काढलेले. परीक्षेच्या दिवशी शेवटचं पोरगं बाहेर पडेपर्यंत ते अन्नाला शिवत नाहीत. मी चहा पाठवला तर तोही परत आला.

पहिला तास सुरळीत गेला. मी जरा टेकले, आणि तेवढ्यात बाहेर रस्त्यावर खोदाईचं यंत्र घरघरलं. आदल्या आठवड्यात डांबर टाकलेला रस्ता, म्हणजे खोदायला अगदी योग्य. मी खिडकीशी पोहोचेपर्यंत यंत्राचं तोंड जमिनीत गेलेलं होतं, आणि मागे वळले तर विषम आसनांची तीस पानं जागच्या जागी थिजली होती.

मी केबिनकडे धावले. राउटर एकचे दिवे विझले होते. मी म्हटलं, सगळ्यांना दोनवर टाका. गजभियेंनी या वेळी माझा शब्द पुरा होऊ दिला नाही. दोनवर साठ टाकले तर दोनवरचे तीसही बुडतील, त्यांना हात लावायचा नाही, असं म्हणत त्यांनी रिकाम्या शीतलवर विषम आसनं घेतली.

दार बदललं म्हणजे तीस मुलांना पुन्हा लॉगइन करावं लागणार, आणि प्रत्येकाजवळ जाऊन माझा पासवर्ड मी टाकायचा. घड्याळ थांबत नव्हतं. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात करणार, एवढ्यात तेवीस नंबरची मुलगी दिसली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि पडद्याकडे बघत ती पुटपुटत होती, "माझं गेलं. माझं सगळं गेलं." शेजारची मुलं लिहीत होती, म्हणून ती मोठ्याने रडतही नव्हती.

तांत्रिक माणसाने परीक्षेच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे. गजभिये उंबऱ्यावर उभे राहिले, बोटं दाराच्या चौकटीला लावून. हळू आवाजात म्हणाले, "बेटा, तुझं काही नाही गेलं. जिथवर लिहिलं तिथवर तिकडं पोहोचलं आहे." मग माझ्याकडे बघून, "मॅडम, तेवीसले पहिले घ्या. तिले शेवटी नका ठेवू."

मी ओळ मोडून तिच्याकडे गेले. पासवर्ड टाकला. पान उघडलं, तिची सगळी उत्तरं जागच्या जागी होती. तिने एक मोठा श्वास घेतला आणि माउसला हात लावला. मग मी एकेक करत उरलेल्या एकोणतीस जणांकडे धावले. शीतलने उरलेला पेपर कुरकुर न करता ओढला. शेवटच्या मुलाचं उत्तर पोहोचल्याची ओळ उमटली तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते.

साठ पैकी साठ.

केबिनमध्ये गेले तर गजभिये मोबाईलवर तेच टाइप करत होते. 'साठ पैकी साठ.' मी विचारलं, कुणाला? ते म्हणाले, "शीतलले." आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बहीण आहे, मॅडम. धाकटी. दर परीक्षेनंतर तिले आकडा कळवतो."

मग डब्याचं झाकण न काढताच त्यांनी सांगितलं. भंडाऱ्याला बसस्टँडसमोर त्यांचं नेट कॅफे होतं. एकच लाईन. नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख, बाहेर रांग. शीतल सकाळीच आली होती. "मी तिले म्हटलं, थांब, आधी गिऱ्हाईक होऊ दे. तू तर घरचीच." ती बाकावर बसून राहिली. चार वाजता लाईन गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. गावातल्या सगळ्या पोरींचे फॉर्म गेले, तिचा राहिला. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. आता तुमसरला असते.

"त्यावर आजवर एक शब्द नाही बोलली, मॅडम. बोलली असती तर बरं झालं असतं."

मला 'शीतलवहिनी' म्हणून हसलेले सगळे दिवस आठवले. प्राचार्यांच्या टेबलावरचं माझं पत्रही आठवलं, आणि ते त्याच दिवशी परत घ्यायचं मी ठरवलं. लाज वाटली म्हणजे खरोखर वाटली.

काहीतरी विचारायचं म्हणून मी नेहमीचंच विचारलं, हा दुसरा डबा कुणासाठी आणता? सहा वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदाच थट्टेविना विचारला असेन.

"कोणी आलं तर."

"येतं का कुणी?"

त्यांनी सवयीने दोन्ही मनगटांकडे पाहिलं. "अजून तर नाही."

मी खुर्ची ओढली आणि दुसरा डबा उघडला. वाटाण्याची उसळ आणि कडा वाळलेल्या पोळ्या. मी जेवायला लागले तेव्हा कुठे त्यांनी आपलं झाकण काढलं. दोन घास झाले असतील, फोन वाजला. पडद्यावर तुमसरहून उत्तर आलं होतं, 'पुरे आता दादा. जेवला का?'

गजभियेंनी हात रुमालाला पुसला, मग एका बोटाने सावकाश टाइप करायला घेतलं. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये हे मला कळतं. तरी मी डोकावले.

'जेवून राहिलो. दोघं जण आहो.'