चष्मे पळवणारी ओळ

“या ऑफिसात बुद्धी दोन ठिकाणी साठवलेली आहे. थोडी सर्व्हरवर, बाकीची माझ्यात. त्यातला सर्व्हर अधूनमधून बंद पडतो,” असं म्हणून छडासाहेब खुर्चीतच गर्रकन फिरले.

नोकरीने ते साधे प्रोग्रामर. पण हरवलेल्या पेनापासून कुरकुरणाऱ्या पंख्यापर्यंत कशाचाही छडा लावायला निघत, म्हणून हे नाव पडलं. छडा लागायचा नाही, तो भाग वेगळा. त्यांची साहाय्यक म्हणजे शेजारच्या टेबलावरची टेस्टर. खरं तर तपासणं ही तिची नोकरी आणि त्यांची हौस. पण तपास ते करत आणि वही घेऊन मागे ती फिरे.

आजचं प्रकरण एका चष्मेवाल्याच्या वेबसाइटचं होतं. साइट दोनदा चढवली आणि दोन्ही वेळा चष्म्यांचे फोटो गायब. नावं होती, नंबर होते, चष्मे तेवढे नव्हते. आणि दोन्ही वेळा “तपासलं, ठीक आहे” हा शेरा टेस्टरचा. तिच्या मशीनवर फोटो खरोखरच दिसत होते.

“चार वाजता चष्मेवाले स्वतः येतायत,” ऑफिसच्या मालकीणबाई सकाळीच म्हणाल्या होत्या. “आज फोटो गेले तर काम गेलं. आणि तुझ्या शेऱ्यावर मी यापुढे भरवसा कसा ठेवू, तूच सांग.”

आठ वर्षांत तिच्या शेऱ्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तिने वही उघडली.

“लिही,” छडासाहेब म्हणाले. “संशयित पहिली, डिझायनर. गेल्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन केलं, चष्मा सुटला. तेव्हापासून चष्म्यांचा तिरस्कार.”

“साहेब, फोटो तिनेच काढलेत.”

“म्हणजे पश्चात्ताप. लिही. संशयित दुसरा, नोकरी सोडून गेलेला तो उंच माणूस.”

“तो पोहायला शिकवतो आता.”

“बघ! खोल पाण्यात आहे.”

एक वाजेपर्यंत संशयितांमध्ये पाणी भरणारा, शेजारची विमा कंपनी आणि खुद्द चष्मेवाला जमा झाले.

“साहेब, एकदा ती ओळ वाचू या का?” टेस्टरने विचारलं.

साइट बांधायची तर एकच आज्ञा द्यायची. तिच्यामागे सगळी कामं एका लांबलचक ओळीत कोंबलेली. जुनं पुसा, फोटो आणा, त्यांचा आकार कमी करा, कोड बांधा आणि अजून बरंच काही. शेवटपर्यंत ती कुणी वाचली नव्हती. कामं क्रमाने करून घेणारा टास्क रनर लावू, प्रत्येक कामाला नाव देऊ, कुठलं कशानंतर ते स्पष्ट लिहू, असं टेस्टर चारदा म्हणाली होती.

“पुरावा हलवायचा नसतो,” छडासाहेब पाचव्यांदा म्हणाले.

तिने ओळ छापून टेबलावर ठेवली. तेवढ्यात छडासाहेबांच्या थोरल्या वहिनी आल्या. त्या मुद्रितशोधक, साइटचा मजकूर तपासून द्यायला आल्या होत्या. समोर छापील कागद दिसला की त्यांचं लाल पेन आपोआप उघडे.

“भाऊजी, हे गाठ मारलेल्या दोऱ्यासारखं चिन्ह कसलं?”

“ते ‘आणि’चं चिन्ह, वहिनी. तुम्हाला नाही कळायचं.”

“नाहीच कळत. पण सगळीकडे जोडीने आहे आणि इथे एकटंच. एक राहिलं का?”

टेस्टर ताडकन उठली. दोन चिन्हं म्हणजे ‘हे संपलं की ते’. एकच असलं तर ‘हेही आणि तेही, एकदमच’. आणि एकटं चिन्ह नेमकं ‘जुनं पुसा’ आणि ‘फोटो आणा’ यांच्या मधे होतं! तिच्या मशीनवर पुसणं चटकन उरकायचं. सर्व्हरवर ते रेंगाळायचं आणि नुकतेच आलेले फोटोही पुसून टाकायचं.

“ही ओळ लिहिली कुणी?” वहिनींनी विचारलं.

टेस्टरने जुन्या नोंदी उघडल्या. मग तिने छडासाहेबांकडे पाहिलं. छडासाहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

“वाटलंच मला,” वहिनी म्हणाल्या. “भाऊजींच्या पत्रातही निम्मी विरामचिन्हं गिळलेली असतात.”

अडीच वाजले होते. नुसतं चिन्ह वाढवून टेस्टरचं समाधान होईना. तिने टास्क रनरची फाइल उघडली आणि त्या ओळीचे सुटे तुकडे केले. प्रत्येकाला नाव, प्रत्येकापुढे ‘याच्यानंतर’. छडासाहेबांनी कधी नव्हे ते गुपचूप शेजारी बसून नावं वाचून दाखवली. साइट सर्व्हरवर दहा वेळा बांधली. दहाही वेळा फोटो जागेवर.

चष्मेवाले चारला आले. स्वतःचा चष्मा काढून पडद्याला नाक लावलं. “ही निळी फ्रेम जरा जास्तच निळी दिसते,” म्हणाले. तक्रार ऐकून ऑफिसला इतका आनंद कधी झाला नव्हता.

“शेरा तूच लिही,” मालकीणबाई टेस्टरला म्हणाल्या. “आणि सॉरी.” मग छडासाहेबांकडे वळल्या. “तुम्ही अहवाल द्या. काय झालं, कुणी केलं, सगळं.”

छडासाहेबांनी पाऊण तास खर्चून एकच वाक्य लिहिलं आणि सहीसाठी टेस्टरपुढे सरकवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि हसू दाबत सही केली.

“गुन्हेगाराने तपासात सुरुवातीपासून संपूर्ण सहकार्य केले.”