आत्याबाई खाली उतरल्या

आमच्या प्रयोगशाळेत जावईबापू सगळ्यात आधी खाली उतरतात. त्यांच्यामागून शेजारीण. आत्याबाई मात्र वरच ठाण मांडून बसतात.

ही दामूअण्णांची भाषा. अण्णा म्हणजे नाशिकच्या आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्र प्रयोगशाळेचे शिपाई. पानांचा अर्क काचेच्या उंच नळीत पांढऱ्या भुकटीवर ओतायचा आणि वरून द्रावक सोडत राहायचं. मग अर्कातली द्रव्यं वेगळी होऊन थेंबाथेंबानं खाली येतात. पहिला पिवळा पट्टा म्हणजे जावईबापू. "लवकर येणार, लवकर जाणार, कामाचे नाय!" हिरवी शेजारीण सगळ्यांत नाक खुपसते. आणि तपकिरी, चिकट, वरच अडून बसलेल्या त्या आत्याबाई.

माझी पीएचडी चिनी दवण्यावर. चीनमध्ये हे झाड फार जुन्या काळापासून तापावर वापरतात. "आपला दवणा देवाला, चिन्यांचा तापाला," असं अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. झाडं त्यांनी स्वतःच्या शेतात, त्र्यंबक रस्त्याला, झेंडूशेजारी लावली होती. पानं सावलीत वाळवायची, पोतं स्कूटरवर घालून आणायचं, आणि वाटेत कुणी विचारलं की अर्धा तास भाषण! इकडे मी मेली ताटकळतेय, त्याचं काही नाही. वर "घाई हाय कुणाला?" हे ठरलेलं.

घाई मला होती. माझी मुदत संपत आली होती. एक तरी द्रव्य शुद्ध स्फटिक होऊन हाती लागल्याशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता, आणि माझ्या बाटल्यांत नुसता डिंक.

त्यात मी घोळ घातला. नळी चालू ठेवून मैत्रिणीबरोबर मिसळ खायला गेले. दुसऱ्यांदा रस्सा घेईपर्यंत इकडे द्रावक संपलं, भुकटी कोरडी पडली आणि तिला उभी चीर गेली. अख्खं पोतं वाया! अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टेबलाशेजारी नवं पोतं उभं. "ह्या टायमाला मिसळ पार्सल आणा," एवढंच म्हणाले.

या वेळी नळी त्यांनीच भरली. भुकटीत एकही बुडबुडा दिसेना. शेवटी मी आत्याबाईंना धुऊन काढलं आणि नेहमीप्रमाणे बेसिनमध्ये ओतायला निघाले, तर अण्णा आडवे आले. "बाई हट्टी हाय म्हणून घराबाहेर काढायची का?"

त्यांनी तो भाग गाळून छोट्या बाटलीत भरायला लावला. तोंडाला चांदीचा कागद, द्रावक हळूहळू उडावं म्हणून त्याला सुईनं एकच भोक, आणि बाटली कपाटात. "आता हात लावायचा नाय." रोज सकाळी, रविवारीसुद्धा, अण्णा कपाट उघडायचे, बघायचे आणि बंद करायचे.

दीड महिन्यानं सकाळी सातला फोन आला. "मॅडम, या. जिन्यात पाय आपटू नका."

बाटलीच्या तळाशी सुया! बारीक, पांढऱ्याशुभ्र, लखलखीत. मी भर प्रयोगशाळेत भोकाड पसरलं. अण्णांनी वॉचमनला बोलावलं, कँटीनवाल्याला बोलावलं, प्राचार्यांनासुद्धा चपला बाहेर काढायला लावल्या. पुढे तपासणीचा अहवाल आला. हे द्रव्य याआधी कुणीच नोंदवलेलं नव्हतं. "चीनवाल्यांना नाय सापडली आत्याबाई, नाशकात सापडली!" अण्णांचा शर्ट छातीवर बटणं तुटतील इतका ताणला होता. मला त्या माणसाचा असा अभिमान वाटला की विचारू नका.

मी पेढे घेऊन आले तेव्हा अण्णा माझं टेबल पुसत होते. माझ्या बाटल्या खोक्यात भरलेल्या, खोक्यावर माझं नाव, आणि नावाआधी चक्क 'डॉक्टर'.

"अण्णा, आत्ताच कशाला आवरताय?"

"बाटलीत खडे आले की तुम्ही पोरं जाता," ते टेबल पुसतच म्हणाले. "आजवर सगळी गेली. आधी रडतात, मग पेढे देतात, मग जातात. दिवाळीला एखादा फोन येतो."

मी पेढ्यांचा बॉक्स त्यांच्यापुढे धरला. "मग रविवारीसुद्धा कपाट उघडून कशाला बघायचात? नसते आले खडे, तर राहिले असते की मी."

आजवर मला तुम्ही, मॅडम म्हणणाऱ्या अण्णांनी पेढा घेतला आणि अर्धा तोडून माझ्याच हातावर ठेवला.

"येडी का काय तू, पोरी," ते म्हणाले. "मला करमणार नाय म्हणून तुला अडवून धरू का?"