मंगळावर रस्सा कोण करतं?

विज्ञानकथेतलं यान पृथ्वीवरून सुटलं, की नानांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जेवणाचं काय?"

वेग, इंधन, गुरुत्वाकर्षण, सगळं ते लेखकाला माफ करतात. पण यानातली चार माणसं वर्षभर नुसत्या गोळ्या खाऊन जगली म्हटलं, की पुस्तक मिटलंच. "गोळ्या खात्यात आन् भांडत न्हाईत? मास्तर, ह्यो लेखक कोल्हापूरचा न्हवं."

मास्तर म्हणजे मी. राजारामपुरीत शिकवण्या घेतो आणि नानांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. नाना कागलकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाले आणि विज्ञानकथांच्या हात धुऊन मागं लागले. नवीन काही आलं, की वाचनालयातल्या बाई ते आधी नानांसाठी बाजूला काढतात. न काढून सांगतात कुणाला!

संध्याकाळी नाना दूध कट्ट्यावर जातात. तिथं म्हशी रस्त्यातच उभ्या असतात आणि गवळी समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. पेला संपेपर्यंत शेजारी जो सापडेल त्याला नाना कथा सांगतात. एकदा त्यांनी परग्रहावरच्या सैन्याची स्वारी रंगवली. ऐकणाऱ्या पैलवानानं मिशीवरचा फेस पुसत विचारलं, "उतरली कुठं?"

"अमेरिकेत."

"तरीच. हितं उतरली असती तर आदी इचारलं असतं, पावणं, गाव कुठलं?"

नानांना हे इतकं आवडलं, की पुढं आठवडाभर त्यांनी ते स्वतःचं म्हणून खपवलं.

थट्टा सोडा, पण त्यांचं एक म्हणणं मला मनापासून पटतं. विज्ञानकथा यंत्राची नसतेच, ते म्हणतात. यंत्र आल्यावर घरातलं कोण हसलं, कोण रडलं, ते बघायचं. "इंजान लेखकाचं, पर काळीज आपलं घालून वाचायचं."

गेल्या वर्षी नानांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. त्यानंतर नानांचं वाचन वाढलं, बडबडही वाढली. आम्ही शेजारी म्हणायचो, सावरले बरं का नाना.

मध्यंतरी मीही एक विज्ञानकथा लिहिली आणि मासिकाकडं धाडण्याआधी नानांना दिली. एक म्हातारा कालयंत्रात बसून मागं जातो, वारलेल्या बायकोला भेटतो आणि तासाभरानं परत येतो, अशी ती कथा. नाना पास करतील, तर कुठलाही संपादक पास करील, हा माझा हिशेब.

नाना काही बोलेनात. कट्ट्यावरही दिसेनात. मी धास्तावलो आणि शेवटी त्यांचं दार वाजवलं. माझे कागद मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले होते.

"गोष्ट बरी हाय," ते म्हणाले. "पर एक चूक हाय. मोठी."

"विज्ञानाची?"

"न्हाई. ह्यो गडी परत का आला?"

"नाना, यंत्राचा नियमच आहे तसा. तासाभरात निघाला नाही, तर कायमचा तिथंच अडकेल."

"मग अडकू दे की!" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "ती दारात हुबी हाय, च्या ठेवू का म्हणून इचारतीया. आन् ह्यो घड्याळ बघतोय?"

नानांनी कागद नीट जुळवले, खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही माझ्यापुढं धरली.

"नियम कुणी केला? तुमीच न्हवं? मग बदला की, मास्तर."