माणसाच्या भूमिकेत नापास

या ग्रहावरच्या नाटकात मी माणसाचं काम करत होतो, पण हुबेहूब जमत नाही म्हणून मला काढून टाकलं.

मुलाची इथे बदली झाली तेव्हा मी आणि बायको द्वारका त्याच्यासोबत आलो. वस्तीत माणसं आम्ही तिघंच. मुलगा दिवसभर कामावर. शेजारी सगळे सात पायांचे, स्वभावाने चांगले, पण आमच्या दारात कोणी येत नसे. त्यांनी माणूस फक्त नाटकात पाहिलेला. नाटकातला माणूस यानातून उतरतो, दिसेल त्या घरात घुसतो, 'हे आता माझं' म्हणतो आणि घरधन्याला गोळी घालतो. बोलायला कोणी नाही, म्हणून द्वारका भाजी निवडताना भाजीशीच बोलायला लागली. ते मला बघवेना. माणूस थोडा बरा दाखवता आला तर बघावं, म्हणून मी नाटक मंडळात गेलो.

पहिल्याच प्रयोगात मी बंदूक घेऊन यानातून उतरलो, घराच्या दाराशी आलो आणि बूट काढून बाजूला ठेवले. कोणाच्या घरात तसंच शिरायची सवय नाही. घरधनी थरथरत उभा होता. मी विचारलं, "येऊ का?" तो गोंधळून म्हणाला, "या." मग गोळी काही सुटेना. पडदा पाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली.

"आबा, बूट का काढले?" दिग्दर्शक ओरखासाहेबांनी विचारलं.

"घर होतं ना ते."

"माणूस बूट काढत नाही."

"मी काढतो, साहेब."

"तेच म्हणतोय मी. प्रेक्षकांना पटलं नाही. अभ्यास कमी पडला तुमचा."

"आवाजही बारीक आहे," एक सभासद म्हणाले. "माणूस कसा गुरगुरायला हवा."

"पण मी माणूसच आहे," मी म्हणालो.

ओरखासाहेब समजुतीने म्हणाले, "नटाला तसं वाटणं चांगलंच. पण ते दिसायला हवं ना."

काम फिंफा नावाच्या इथल्याच नटाला मिळालं. त्याने पाच पाय पोटाशी बांधले आणि असा माणूस उभा केला की पोरं आयांच्या मागे लपली. मंडळाने वस्तीत जाहीर केलं, की आबा माणूस वाटत नाहीत, सबब ते व त्यांचं कुटुंब माणूस नाहीत.

मी मान खाली घालून घरी बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या झिलीबाई दारात आल्या.

"अहो, तुम्ही माणसं नाही हे आधी सांगायचं ना," त्या द्वारकाला म्हणाल्या. "उगाच कडी लावून बसत होते मी."

द्वारकाने माझ्याकडे पाहिलं. मी सरकून झिलीबाईंना जागा केली.

"बसा की," ती म्हणाली.

झिलीबाई सातही पाय पसरून बसल्या. दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत होत्या. भाजीचे भाव झाले, सुनांचं झालं, गुडघ्यांचं झालं. झिलीबाईंचे गुडघे जास्त, त्यामुळे ते बराच वेळ चाललं.

उठताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "फिंफाचं काम पाहिलं हो काल. अंगावर काटा आला. तुमच्या मुलाला जपून राहायला सांगा. कामावर एखादा माणूस भेटायचा."

"सांगते त्याला," द्वारका म्हणाली.