सोआकाईचा पहिला नकार

"चौदा!" फोन ठेवून लोसालिने नवऱ्याकडे वळली. "गेल्या महिन्यात सहा, आज चौदा. हॉस्पिटलची ब्रिजेट सिस्टर विचारतेय, गोळ्या मोजून घेतोस की मूठभर?"

"घड्याळ लावून, मोजून घेतो गं," ट्रॉम्बोन पुसता पुसता सोआकाई म्हणाला.

आणि ते खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीने, ओफाने, त्याला आपली किडनी दिली. शरीराने ती परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी सोआकाई सकाळ-संध्याकाळ आठाच्या ठोक्याला गोळी घेई. रक्तात औषध कमी पडलं तर किडनी जायची, जास्त झालं तरी मार किडनीलाच. रक्तातल्या आकड्याने सहा ते आठच्या मध्ये राहायचं, एवढंच त्या औषधाला सांगणं होतं. ते मात्र कधी या टोकाला, कधी त्या टोकाला.

बातमी ओफाला कळली आणि दुपारीच ती भावाच्या मांगेरे उपनगरातल्या घरात हजर झाली. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात परसातल्या पपनसांची गोणी.

"माझी किडनी कशी आहे?"

"मी बरा आहे, ताई."

"तुला कोण विचारतंय?" मग ती भावजयीकडे वळली. "काय खायला घालतेस माझ्या किडनीला?"

"ती मागते ते. परवा अळूच्या पानात मांस बांधून शिजवलेले तीन लू खाल्ले तिने. नारळाच्या दुधासकट."

"आता मीच राहते इथे, दोन आठवडे."

नाही म्हणणार कोण? आम्हा टोंगन लोकांत बहिणीचा मान भावाच्या वर. त्यातून थोरली. त्यातून किडनी दिलेली. लोसालिने पहाटेच विमानतळावर कामाला जाई, म्हणजे घरात दिवसभर ओफाचंच राज्य. गोळी गिळली की "जीभ वर कर" म्हणून ती तोंडात डोकावून पाही. लोणी बंद, डब्यातलं मांस बंद, टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा बंद.

पुढची तपासणी झाली. एकोणीस.

आता हातही थरथरू लागले. रविवारी चर्चच्या बँडमध्ये सोआकाईचा ट्रॉम्बोन बकरीसारखा बें-बें करू लागला. पाद्रीबाबांना वाटलं, बिचारा भक्तीने गहिवरलाय. त्यांनी प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं. सोआकाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ब्रिजेट सिस्टरने गोळी कमी केली, आणि आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहायला सांगितलं. आठवड्याने वही घेऊन तिघंही तिच्यासमोर बसली. पण सिस्टरच्या आधी वही ओफानेच ओढून घेतली.

"सोमवार. पाव, चहा, गोळी. मंगळवार. पाव, चहा, गोळी." पानं उलटता उलटता तिचा चेहरा लाल झाला. "आणि माझा रस? रोज पहाटे उठून, साल काढून, हा एवढा मोठा पेला पाजते मी! त्याची एक ओळ नाही?"

सिस्टरचं पेन थांबलं. "कसला रस?"

"पपनसाचा! आईच्या झाडाचं बी आहे ते, टोंगातल्या वावाऊ बेटाहून आणलेलं. यंदा फळं पिकल्यापासून रविवारी माझ्याकडे आला तरी दोन पेले पाजते. आणि याला लिहायची लाज वाटते!"

"ओफाताई," सिस्टर हळूच म्हणाली, "पपनसाने हे औषध रक्तात साचतं. दुप्पट, तिप्पट होतं."

सोआकाई घाईघाईने म्हणाला, "मीच मागितला होता, सिस्टर."

"खोटं बोलू नकोस!" ओफा म्हणाली. मग आवाज उतरला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी दिलेल्या कागदावर लिहिलंय."

"मग प्यायलास कशाला, मूर्खा?"

"तू दिलास ना."

लोसालिनेने कपाळाला हात लावला. "मला तरी सांगायचंस!"

"तू ताईला बोलली असतीस," सोआकाई पुटपुटला.

ओफा उठली आणि बाहेर गेली. कार पार्कमध्ये दोघं तिच्यापाशी पोचली तेव्हा ती पाठ करून डोळे पुसत होती. मग गर्रकन वळली. "म्हण, नको."

"काय?"

"मी पपनस देतेय. म्हण, नको ताई."

सोआकाईने ओठ हलवले.

"जोरात! माझी किडनी आहे ती, तुझ्या भिडेपायी घालवणार नाही मी!"

"नको, ताई!" तो ओरडला. दोन गाड्या पलीकडचा माणूस दचकून थांबला.

"शाब्बास," म्हणून ओफाने त्याला मिठी मारली.

महिन्याभराने आकडा सातावर आला आणि तिथेच राहिला. लोसालिनेने फोन करून ओफाला कळवलं. ओफाने भावाला फोनवर बोलावलं.

"देवाची कृपा. बरं, रविवारी ये. माझ्या छपराची पन्हळ तुंबलीय, साफ करायचीय."

"नको, ताई. रविवारी दमलेला असतो मी. सोमवारी येतो."

पलीकडून हसू दाबल्यासारखा आवाज आला, "अरे, एकाच फळापुरती परवानगी दिली होती मी!"

"बरं, ठेवतो," म्हणून सोआकाईने फोन ठेवला. आणि अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदाच आपण बहिणीच्या आधी फोन ठेवला, हे ध्यानात येताच मटकन खुर्चीत बसला.