तलाव बचाव समिती पाण्यात उतरते

“तलाव वाचवायचा तर एखादी समिती केली पाहिजे,” असं दातांच्या डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. बोलल्या त्याही नेमक्या निवृत्त हेडमास्तरांसमोर. हेडमास्तर तेव्हा त्यांच्याच दवाखान्यात खुर्चीवर आ वासून पडले होते. हा माणूस निदान आत्ता तरी काही बोलणार नाही, असा बाईंचा हिशेब. पण त्यांनी तोंडातली नळी स्वतःच्या हाताने उपसून काढली आणि म्हणाले, “अध्यक्ष मी होतो.”

नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव बंद होणार, ही बातमी बाईंना सकाळीच कळली होती. वापर नाही, फरशा उखडल्यात, पाणी हिरवं दिसतं, तेव्हा बुजवून गाड्या लावायला जागा करा, असं कुणीतरी शहाण्याने ठरवलं होतं. आता, पाणी हिरवं दिसायचं हे खरं होतं. पण वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात डोकावून बाईंच्या कमरेचं पार लाकूड झालं होतं, आणि ते लाकूड फक्त त्या हिरव्या पाण्यात सैल व्हायचं. सकाळी अर्धा तास गळाभर पाण्यात हातपाय मारले, की दिवसभर उभं राहता यायचं. हाडांच्या डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, “पोहा, नाहीतर दवाखाना विका.” गावात दुसरा तलाव नव्हता, आणि दवाखाना विकायचा बाईंचा अजिबात विचार नव्हता.

समिती आठवड्याभरात उभी राहिली. विमा एजंट चिटणीस झाले. ब्युटी पार्लरवाल्या महिला प्रतिनिधी झाल्या. उरलेली मंडळी कुठल्याही समितीत आपोआप उगवतात त्या जातीची होती. त्यांच्यातलं एकही माणूस कधी तलावाच्या फाटकातून आत गेलेलं नव्हतं. सगळ्यांचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता, आणि काहींचा तर चूळ भरण्यापुरताही नव्हता, हे बाईंना धंद्यामुळे ठाऊक होतं.

पहिली सभा दवाखान्यातच भरली, कारण तिथे फुकट खुर्च्या होत्या.

“नुसतं वाचवा म्हणून काय मागायचं?” चिटणीस म्हणाले. “मागायचंच तर सुधारणा मागू. कॅन्टीन पाहिजे.”

“रंगीत दिवे हवेत,” पार्लरवाल्या म्हणाल्या. “फोटो छान येतात.”

“आणि एक सभागृह,” अध्यक्षांनी भर घातली. “समितीला बसायला कायमची जागा नको?”

“अहो, फरशा बसवा, गाळणी यंत्र बदला आणि पाणी स्वच्छ ठेवा, एवढंच मागू या ना,” बाई कळवळून म्हणाल्या.

“डॉक्टर, तुम्ही फारच खालच्या पातळीवर विचार करता.”

“तलावाचा तळ खालीच असतो, सर.”

यावर कुणी हसलं नाही. हात वर झाले, ठराव मंजूर झाला आणि गाळणी यंत्र यादीत पार शेवटी, प्रेक्षकांच्या गॅलरीच्याही खाली जाऊन बसलं.

मग निरोप आला, की नगरपालिकेचे इंजिनिअर स्वतः पाहणीला येणार आहेत. लोक खरोखर तलाव वापरतात असं दिसलं तर विचार करू, म्हणाले. आता लोक कुठून आणायचे? तलावात रोज येणारे म्हणजे बाई, दोन कॉलेजच्या मुली आणि एक अबोल पोस्टमन. एवढ्यांनी काय तलाव भरतो?

“आपण उतरू,” अध्यक्ष म्हणाले. “समितीच उतरली की गर्दी दिसेल.”

“पोहायला येतं का कुणाला?” बाईंनी विचारलं.

“प्रश्न पोहण्याचा नाही, उपस्थितीचा आहे,” अध्यक्षांनी निकाल दिला.

घरी बाईंच्या नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हा गृहस्थ वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढायचा तो फक्त टोमणा मारायला.

“अगं, तुला पाणी हवंय की समिती?”

“पाणी.”

“मग समिती आधी बुडव.”

“अहो, तुम्ही गप्प बसा!” बाई तडकल्या. पण नवऱ्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हे त्यांना आतून कळत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

पाहणीच्या दिवशी बाईंनी काठावर उभं राहून शाळेतल्या पोरांना सांगावं तसं बजावलं, “उथळ बाजूला उभे राहा. भिंतीची दांडी सोडू नका. पुढे उतार आहे. आणि सर, ती खालची कवळी काढून ठेवा. ढिली झालीये. नवीन करा म्हणून सांगून सांगून थकले मी.”

“बिनदातांचा अध्यक्ष सरकारी माणसापुढे उभा करता?” हेडमास्तर म्हणाले आणि इस्त्रीच्या शर्टासकट पाण्यात उतरले. मागोमाग चिटणीस, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाइल अडकवून. पार्लरवाल्या पूर्ण मेकअप करून. बाकीची मंडळी थंडी वाजल्यामुळे आधीच निळी पडली होती. इतकं केविलवाणं दृश्य त्या तलावाने फरशा उखडल्या तेव्हाही पाहिलं नसेल.

इंजिनिअर आले. बूट न काढता काठावर उभे राहिले. “वा, वापर आहे की,” म्हणाले. बाईंचा जीव भांड्यात पडला. एवढ्यावरच सगळे गप्प बसले असते तर काम झालं होतं.

पण समोर श्रोता आणि अध्यक्ष गप्प, असं कधी झालंय? हेडमास्तरांनी दांडी सोडली, दोन्ही हात पसरले आणि आवाज लावला, “या तलावाने पिढ्यान् पिढ्या...” पुढचा शब्द बाहेर पडण्याआधी खालची कवळी बाहेर पडली. डुबुक असा बारीक आवाज झाला. हेडमास्तरांनी झटकन तोंडावर हात ठेवला. दात पडले असं म्हणायची लाज, म्हणून पाण्यात पायाच्या अंगठ्याने ते गुपचूप चाचपायला लागले. कवळी उतारावरून घसरत गेली, मागून अंगठा गेला, अंगठ्यामागून हेडमास्तर गेले आणि पाण्यावर नुसते बुडबुडे उरले.

“अध्यक्ष बुडी मारून दाखवताहेत, साहेब!” चिटणीस ओरडले. समितीने टाळ्या वाजवल्या. पाण्याबाहेर एक हात आला. तो अभिवादनाचा समजून इंजिनिअरांनीही हात हलवला. हात पुन्हा खाली गेला, तेव्हा पार्लरवाल्यांनी किंकाळी फोडली आणि चिटणिसांचा दंड धरला. चिटणिसांनी दुसऱ्याचा धरला, त्याने तिसऱ्याचा. समिती पहिल्यांदाच एकजुटीने काहीतरी करत होती. उतारावरून ती तशीच, हातात हात घालून, ओळीने खोल पाण्यात गेली.

जीवरक्षकाच्या हातात चहाचा कप होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याला कुणाला वाचवावं लागलेलं नव्हतं. तो कप खाली ठेवायला जागा शोधेपर्यंत बाईंनी उडी मारलीसुद्धा. हेडमास्तरांना त्यांनी कॉलर धरून ओढत काठावर आणलं. बाकीचा ऐवज जीवरक्षकाने आणि पोस्टमनने मिळून बाहेर काढला.

इंजिनिअर हेडमास्तरांजवळ उकिडवे बसले. “काका, काय झालं? कशाची भीती वाटली?”

हेडमास्तरांनी एका हाताने तोंड घट्ट झाकलं आणि दुसऱ्या हाताचं बोट खोल बाजूकडे दाखवलं. दात तिकडे होते.

“समजलं,” इंजिनिअर गंभीरपणे म्हणाले. “ती खोल बाजू.”

“साहेब, तसं नाही, त्यांचे दात...” बाईंनी सांगायचा प्रयत्न केला.

“दातखीळ बसणारच हो, मॅडम. केवढा प्रसंग!”

आणि मग ते झालं जे आजवर कुठल्याही समितीच्या बाबतीत झालं नव्हतं. मागितलेलं सगळं मंजूर झालं. कॅन्टीन, गॅलरी, रंगीत दिवे, सभागृह. लोकांची तळमळ इंजिनिअरांनी डोळ्यांनी पाहिली होती, कारण पोहता येत नसतानाही माणसं तलावात उतरत होती. फक्त एक दुरुस्ती त्यांनी आपणहून सुचवली. खोली धोक्याची आहे, तेव्हा भर घालून तळ वर घ्यावा आणि पाणी गुडघ्याएवढं ठेवावं.

“गुडघ्याएवढं?” बाई सभेत किंचाळल्या. “त्यात काय पोहायचं? पाय धुवायचे?”

“डॉक्टर, एवढं सगळं मिळालं आणि तुम्ही पाण्याचं घेऊन बसलात!” अध्यक्ष दुखावल्या स्वरात म्हणाले. “तलाव वाचला की नाही?”

काम चालू होतं तोवर बाईंचे हाल कुत्रा खाईना. स्टुलावर बसून त्या दाढा काढायच्या आणि प्रत्येक दाढेमागे पेशंटच्या आधी स्वतःच कण्हायच्या. पेशंट घाबरून उठून जायचे. सकाळी नवरा न बोलता त्यांच्या चपलांचे पट्टे लावून द्यायचा. तो टोमणा मारत नाही, यावरूनच आपली अवस्था बाईंना कळायची आणि रडू यायचं.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. कॅन्टीनपुढे रांग, गॅलरीत गर्दी, भर उन्हात रंगीत दिवे चालू. तलावाच्या सर्वात जुन्या सदस्य म्हणून पाण्यात पहिलं पाऊल टाकायचा मान बाईंना मिळाला. इस्त्रीच्या कपड्यांतल्या त्या गर्दीत पोहायचा पोशाख घालून आलेल्या त्या एकट्याच. त्या उतरल्या आणि मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पाणी स्वच्छ होतं, निळं होतं आणि गुडघ्यापर्यंत होतं. कंबर वर कोरडी ठणठणीत, ठणकत होती.

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. लोक गेले खड्ड्यात, असं मनाशी म्हणाल्या आणि त्या पाण्यात सरळ उताण्या झोपल्या. कमरेखाली गार पाणी शिरलं. कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. इतकं बरं, की त्यांनी डोळे मिटून घेतले आणि समितीलाही क्षणभर माफ करून टाकलं. मग उठायला गेल्या आणि कंबर तिथल्या तिथे धरली. ना इकडे वळता येईना, ना तिकडे.

“डॉक्टर बुडाल्या!” पार्लरवाल्या ओरडल्या.

शिट्ट्या वाजल्या. धावाधाव सुरू झाली. नव्या कपड्यांमुळे पाण्यात मात्र कुणी उतरेना. अध्यक्षांनी माइक हातात घेतला. नवी कवळी घट्ट बसली होती, आवाज खणखणीत लागला. “मंडळी, घाबरू नका! पाहिलंत? गुडघाभर पाण्यातसुद्धा डॉक्टरांसारखं पट्टीचं पोहणारं माणूस बुडू शकतं. नागरिकांच्या जिवाशी खेळ नको. पाणी घोट्यापर्यंत आणावं, असा ठराव मी इथेच मांडतो. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा!”

काठावर भराभर हात वर झाले. त्याच वेळी बाईंनी, कुणीतरी धरून उठवा म्हणून, पाण्यातून आपला हात वर केला.

“खुद्द डॉक्टरांचाही हात वर आहे,” अध्यक्ष गहिवरून म्हणाले. “ठराव एकमताने मंजूर!”

टाळ्या वाजवायच्या म्हणून सगळ्यांनी हात खाली घेतले. बाईंचा तेवढा वरच राहिला.