पन पोटात गेलं तर?

पंचाहत्तरीच्या सत्कारात मिळालेल्या पुष्पगुच्छातली लिलीची फुलं भर स्टेजवर एकेक करून उपटणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय! आमच्या शिक्रापूरच्या गल्लीतले सोपानआबा. खांद्यावर नवी घोंगडी, कपाळापासून सदऱ्यापर्यंत भंडाऱ्याची पिवळीधमक उधळण, सगळी गल्ली टाळ्या वाजवतेय आणि सत्कारमूर्ती गुच्छ सोलतायत! उपटलेली फुलं त्यांनी पिशवीत कोंबली, पिशवीला गाठ मारली आणि माइक ओढून म्हणाले, "गुच्छ झ्याक हाय. पन पोटात गेलं तर?" झालं भाषण.

आबांचा साऱ्या जगाला हा एकच प्रश्न. पोट मात्र माणसाचं नव्हे, बुलबुलचं. बुलबुल ही त्यांची मांजरी. हे नाव आबांनी दिलेलं नाही. त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या बिहारी कुटुंबातल्या चिमुरड्या रिंकीनं ते ठेवलं. तिच्या वडिलांना गुजरातच्या कारखान्यात काम मिळालं, बिऱ्हाड हललं आणि मांजरी एकट्या आबांकडे राहिली.

आबांचं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. विषारी कण्हेरीपाशी कळप रेंगाळू द्यायचा नाही, हे अंगात मुरलंय. आता कळपात एकच जनावर उरलंय, पण राखण अख्ख्या कळपाची! दारची कण्हेर त्यांनी मुळासकट काढली. कुणाच्या गॅलरीत नवी कुंडी दिसली की आबा काठी टेकत हजर.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मोठ्या हौसेनं मनीप्लांटची रोपं वाण म्हणून दिली, तर हे फाटकातच उभे! बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीच्या पिशवीत डोकावत होते.

"आबा, मनीप्लांट कोण खातंय?" मी वैतागून विचारलं.

"तुला कोन इचारतंय, सुनंदा? बुलबुल खाती ना! तोंड सुजंल तिचं."

बायका चिडल्या, मग हसल्या आणि शेवटी रोपं उंच टांगून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या दारात आबांनी आणून ठेवलेलं तुळशीचं रोप! अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

आणि एवढा सावध माणूस फसला, तो स्वतःच्याच सत्कारात.

त्या दुपारी मी पेढे घेऊन गेले. आबा खुर्चीत, बुलबुल मांडीवर, सदऱ्याला मनसोक्त अंग घासत होती. तिच्या पाठीवर पिवळं, मिशांवर पिवळं.

"बघा, बुलबुललाही भंडारा लागला!" मी हसले.

आबाही हसले आणि फुंकर घातली. भंडारा फुंकरीनं उडतो. हा उडेना. बोटानं पुसला तर तांबूस, चिकट डाग उमटला. आबांनी सदरा नाकाशी नेला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"सुनंदा, ह्यो भंडारा न्हाई! फुलातली भुकटी हाय. उपटताना अंगावर सांडली माझ्या. पानी आन, आता चाटंल ती!"

मी ओला पंचा घेऊन धावले. आबांनी पंजे धरले, मी पुसत सुटले, तिनं मला ओरबाडलं. तेवढ्यात तिची जीभ फिरलीच! गावातले जनावरांचे डॉक्टर गोठ्यांच्या फेरीवर. मग काय, सत्काराची घोंगडी झटकून उलटी केली, बुलबुल तिच्यात गुंडाळली, मी स्कूटी काढली आणि ट्रकांच्या रांगेतून थेट शिरूर! मागं भंडाऱ्यानं माखलेला म्हातारा, घोंगडीतून म्यांव म्यांव, आणि लोक वळून वळून बघतायत.

डॉक्टर म्हणाले, लिलीच्या परागानंही मांजराची किडनी जाते, पण तुम्ही लगेच आणलंत. त्यांनी सलाइन लावलं. रक्त तपासून दोन-तीन दिवसांनी काय ते सांगता येईल, म्हणाले.

बाकावर आबा काठीवर हनुवटी टेकून बसले. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आबा, मुक्या जनावरात एवढा जीव अडकवू नये."

"निसतं जनावराचं न्हाई गं," ते हळूच म्हणाले. "दर ऐतवारी रिंकीचा फोन येतो. त्यो बुलबुलसाठी येतो. ही गेली, तर पोर फोन कशापायी करंल?"

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले.

रविवारी बुलबुल घरी आली. रक्ताचा रिपोर्ट चांगला! मी गल्लीभर ओरडून सांगितलं. रिंकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी आबांकडेच होते. धुतलेला सदरा, केसांना तेल, आणि मोबाइलचा मागचा कॅमेरा बुलबुलवर धरून आबा मागं बसलेले. रिंकी मांजरीशी बोलत होती, आबा नुसते ऐकत होते. ते तिला दिसत नव्हतेच.

मग ती म्हणाली, "बुलबुल को देख लिया. अब आप दिखो ना, आबा."

आबा गडबडले. मोबाइल स्वतःकडं फिरवला तर रिंकी दिसेना. शेवटी तो माझ्यासमोर धरून म्हणाले, "सुनंदा, मी कसा दिसायचा गं ह्येच्यात?"

मी बटण दाबून पुढचा कॅमेरा लावून दिला. आबांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"आबा, खाना खाया?"

"खाया, खाया," आबा म्हणाले.

त्यांच्या घरात सकाळपासून गॅस पेटला नव्हता. मी गुपचूप उठले आणि पिठाचा डबा शोधायला लागले.